‘तिथं भाकर मागू नका’

पत्र (थोडं कमी करून देत आहे) :

“ताई, नमस्कार. आम्ही दिग्रस तालुक्यातले. सहा एकर कोरडवाहू, कापूस अन् तूर. पोरगी पुण्याला कंपनीत आहे. तिनं तिथलाच मुलगा पसंत केला. घर चांगलं आहे, आमची काही हरकत नाही. आता कार्तिकी झाल्यावरच्या शनिवारी इवाई-इहिणीनं आम्हा दोघांना पहिल्यांदा जेवायला बोलावलं आहे. घरी नाही, त्यांच्या गल्लीतल्या स्पॅनिश हॉटेलात. तिथं म्हणे लहान लहान बश्या येतात अन् सगळे मिळून खातात. पोरीनं मोबाइलवर मेनू पाठवला, त्यातलं एक नाव धड वाचता आलं नाही. एका बशीची किंमत पाहिली तर आमच्याकडं वेचणीच्या बाईची एका दिवसाची रोजी. यजमान माळकरी आहेत, अंडंही चालत नाही. त्यांना साखर आहे, साडेसातला जेवतात. ते म्हणतात, ‘पोरीच्या सासरचं पाणी पेत नाही आपण, अन् त्यांच्या पैशानं जेवाचं काहून? बिल मी देईन.’ हे सगळं निभावलं असतं. पण परवा फोनवर पोरगी म्हणाली, ‘आई, बाबांना सांगून ठेव, तिथं भाकर मागू नका. अन् तू तुझा डबा आणू नको प्लीज.’ तेव्हापासून मन लागत नाही. ताप आला म्हणून सांगू का? जाऊ का नको? गेलो तर काय खायचं, काय न्यायचं, काय नेसायचं? नाव छापू नका.”

ताई,

जा. ताप आला म्हणून सांगू नका. खोटा ताप इहीणबाईंना खरा वाटेल, पण पोरीला त्याच मिनिटाला कळेल, आणि लग्नाच्या आधीच तुम्हा दोघींमध्ये एक न बोललेली गोष्ट जाऊन बसेल.

तुमचं पूर्ण पत्र तीन पानांचं होतं. त्यात हॉटेलाबद्दल दोन पानं आहेत आणि पोरीच्या त्या बोलण्याबद्दल चार ओळी. पण तुम्ही पत्र लिहायला बसलात ते त्या चार ओळींमुळे, म्हणून आधी त्याबद्दल बोलते. बश्या नंतर.

ती जे बोलली ते लागणारंच आहे. ‘लहान आहे, सोडून द्या’ असं मी म्हणणार नाही. ज्या बापानं सहा एकरांवर तिचं इंजिनियरिंग केलं, त्याच्या भाकरीची तिला लाज वाटते की काय, हा प्रश्न तुमच्या मनात आला आणि तो येणारच होता. पण माझ्याकडं दरवर्षी आपल्या भागातल्या, पुण्या-मुंबईत नोकरी करणाऱ्या पोरींचीही पत्रं येतात, ती वाचून एक सांगते. ऑफिसात ‘काय करून राहिली’ म्हटलं की आजूबाजूचे हसतात. ‘मले’ तोंडातून निघालं की दिवसभर त्याची नक्कल होते. आलूला आलू म्हटलं तरी कुणीतरी दुरुस्त करतं. या पोरी पहिलं वर्ष गप्प राहून काढतात आणि दुसऱ्या वर्षी बोली बदलतात. त्या हसण्याची जागा तिला अचूक माहीत आहे. तुम्ही दोघं त्या जागेवर पाय द्याल, ही तिची भीती आहे. भीती तुमच्यासाठी आहे, पण ती बोलली अशी की तुमच्याच अंगावर आली.

म्हणून तिला फोन करा. मेसेज नको, आणि स्वयंपाक चालू असताना तर नकोच. रात्री निवांत. म्हणा, “बाई, तू बोलली ते मले लागलं. भाकर तिथं भेटत नाही, एवढं मलेबी समजते. पण तुह्या बाबाले मी असं सांगणार नाही. तुले भेव कशाचं वाटते, ते सांग.” आणि मग गप्प बसा. ती रडेल किंवा चिडेल, दोन्ही चालेल. तुम्ही उत्तर देण्याची घाई करू नका.

तिचा निरोप यजमानांपर्यंत मात्र पोचवू नका. पोचवला नसेल असं धरून लिहिते आहे. पोचवला असेल तर आता त्यावर घरात परत चर्चा नको.

डब्याचं थोडं वेगळं आहे. बाहेरचं खाणं अशा हॉटेलात आत नेऊ देत नाहीत, कुणालाच. तेव्हा डबा नको हे तिचं म्हणणं बरोबर आहे. यजमानांच्या वेळेवर खाण्याची काळजी आपण दुसऱ्या तऱ्हेनं घेऊ.

आता ते खाणं काय आहे ते सांगते. स्पेनच्या भाषेत ‘तापा’ म्हणजे झाकण. पूर्वी दारूच्या गुत्त्यात पेल्यात माशी पडू नये म्हणून त्यावर पावाची चकती ठेवून देत, पुढं त्या चकतीवर खायला काहीतरी आलं, असं सांगतात. त्याचं अनेकवचन तापास. आज तापास म्हणजे कुठलाही एक पदार्थ नाही, ती खायची एक रीत आहे. लहान लहान बश्या मधोमध ठेवायच्या, सगळ्यांनी त्यातून थोडं थोडं घ्यायचं आणि खाण्यापेक्षा बोलायचं जास्त. स्पेनमध्ये लोक एका ठिकाणी दोन घास खातात, उठतात, दुसऱ्या दुकानात जातात. जेवण झाल्यावर टेबलावरच गप्पा मारत बसण्याला त्यांच्याकडं वेगळा शब्द आहे, ‘सोब्रेमेसा’. आपल्याकडं जेवणं झाल्यावर ओसरीवर सुपारी कातरत बसतात ना, तेच.

आणि ही रीत तुम्हाला नवी नाही. पौषात तुमच्या शेतात हुरडा होतच असेल. कापसाच्या कडेला घरापुरती ज्वारीची चार तासं ठेवलेली असतील, गवऱ्यांच्या निखाऱ्यावर कणसं भाजली जात असतील. मधोमध गरम हुरडा, भोवती जवसाची चटणी, फल्लीची चटणी, दही, गूळ, भाजलेलं वांगं, ओंजळभर बोरं. कुणाचं ताट वेगळं नाही. ज्याला जे आवडेल ते तो घेतो, हात थांबतो, गप्पा होतात, परत हात पुढं जातो. शनिवारी तुम्ही हेच करणार आहात, खुर्चीवर बसून.

एका बाबतीत मात्र सावध राहा. आपल्याला ‘नको, नको’ म्हणायची सवय असते. दोनदा नाही म्हणायचं, तिसऱ्या आग्रहाला थोडं वाढून घ्यायचं. तिथला वाढपी एकदाच विचारतो आणि निघून जातो. बशीत सहा तुकडे असतात, सहा माणसं असतात, तुम्ही संकोचात राहिलात की बशी रिकामी होऊन परत जाते आणि तुम्ही उपाशी. टेबलावर बशी मधोमध ठेवली की आग्रह झाला असं समजा आणि आपला वाटा घ्या. सहा जणांना आधी पाच-सहा बश्या मागवतात, त्या संपत आल्या की पुन्हा पाच-सहा. सगळं एकदम मागवायचं नसतं, त्यामुळे पहिल्या फेरीत काही चुकलं तर दुसऱ्या फेरीत सुधारता येतं.

मेनूचा फोटो तुम्ही पाठवलात, तो मी नीट पाहिला. माळकऱ्याला चालेल असं त्यात पुष्कळ आहे.

‘पान कोन तोमाते’ आधी मागवा. यातलं पान म्हणजे पाव. भाजलेल्या पावावर लसूण आणि पिकलेलं भेदर, म्हणजे टमाटर, घासायचं, वरून कच्चं ऑलिव्हचं तेल आणि मीठ. काताल्युन्या या प्रांतात हे घरोघरी खातात. वाळलेला पाव असा मऊ करून संपवायचा, ही शेतकऱ्याच्या घरची युक्ती. सकाळच्या शिळ्या भाकरीवर कच्चं तेल, तिखट-मीठ घालून तुम्ही वावरात नेता, तिची ही लांबची बहीण.

‘पतातास ब्रावास’ म्हणजे तळलेल्या आलूच्या फोडी आणि वर लाल तिखट रस्सा. ‘ब्रावा’ म्हणजे चवताळलेली. आपल्या जिभेला ती काही चवताळलेली वाटणार नाही. आलू, टमाटर आणि मिरची ही तिन्ही मूळची अमेरिका खंडातली. १४९२ नंतर स्पेनच्या जहाजांतून ती युरोपात उतरली आणि मिरची पुढं पोर्तुगीजांच्या हातानं आपल्याकडं आली. तेव्हा भिवापूरची मिरची आणि त्या रस्स्यात घालतात ती त्यांची लाल मिरचीपूड एकाच माहेरच्या. यजमानांना हे सांगा, त्यांना आवडेल. फक्त या बशीवर बऱ्याचदा पांढरं लसणाचं सॉस घालतात, ‘अलिओली’. मुळात ते लसूण आणि तेल घोटून करत, पण आता हॉटेलात बहुतेक ठिकाणी त्यात अंडं असतं. ‘पांढरं सॉस नको, लालच द्या’ असं सांगायचं.

‘पिमिएंतोस दे पाद्रोन’ या लहान हिरव्या मिरच्या. तेलात परतून वर जाडं मीठ. पाद्रोन हे स्पेनच्या वायव्येकडच्या गालिसिया प्रांतातलं गाव. या मिरच्यांची गंमत अशी की बहुतेक गोड निघतात आणि मध्येच एखादी झणझणीत. देठाला धरून हातानंच खातात. इकडं पाद्रोनच्या मिरच्या मिळाल्या नाहीत तर दुसऱ्या कमी तिखट मिरच्या वापरतात, तरी मागवा. इवाईबुवांना एखादी तिखट लागली आणि तुमच्या यजमानांना सहज गेली की तिथून बोलणं सुरू होईल.

‘एस्पिनाकास कोन गार्बान्सोस’ नक्की घ्या. नाव लांब आहे, पदार्थ म्हणजे पालक आणि काबुली चणे, जिरं-लसूण घालून आटवलेले. सेविया शहरातली ही खास चीज. पहिल्या घासाला तुम्हाला आपली डाळभाजी आठवेल. साखरेच्या माणसाला त्या टेबलावर याहून चांगलं दुसरं नाही, त्यामुळे दोन बश्या सांगा.

‘गास्पाचो’ हे थंड सूप आहे. भेदर, काकडी, ढोबळी मिरची, लसूण, पाव, तेल आणि सिरका, सगळं कच्चं वाटून. थंड आलं म्हणून परत करू नका, ते तसंच पितात. दक्षिण स्पेनमधल्या आंदालुसियाच्या उन्हात शेतमजूर पाव, लसूण, तेल, सिरका आणि पाणी कुटून खात, त्यातून ते आलं. त्याच्यासारखंच दिसणारं ‘साल्मोरेखो’ नावाचं घट्ट सूप असतं, त्यावर उकडलेलं अंडं आणि डुकराच्या मांसाचे तुकडे घालतात. त्याला हात लावू नका.

ऑलिव्ह येतील. खारवलेली फळं असतात, कधी आत बी असते. बी बाजूच्या बशीत ठेवायची. पहिलं आवडत नाही, तिसरं आवडतं. निदान माझं तसं झालं.

आता काय टाळायचं ते. ‘हामोन’ आणि ‘चोरिसो’ हे डुकराचं मांस. ‘क्रोकेतास’ आपल्या आलुबोंड्यासारखे दिसतात आणि तिथंच फसगत होते, कारण आत बहुतेक वेळा तेच मांस असतं. ‘तोर्तिया’ म्हणजे आलू घातलेलं जाड आम्लेट, अंड्याचंच. ‘मांचेगो’ हे मेंढीच्या दुधाचं चीज, पण ते विरजायला कोकराच्या पोटातला रस वापरण्याची पद्धत आहे, तेव्हा माळ घातलेल्या माणसानं ते सोडावं. शेवटी ‘पाएया’ हा भात येईल, केशर घातलेला, पसरट कढईत. भाज्यांचा म्हटला तरी तो कधी मांसाच्या किंवा मासळीच्या पाण्यात शिजवलेला असतो, म्हणून विचारायचंच. शुद्ध भाज्यांचा असेल तर तळाशी लागलेली खरवड मागून घ्या. तिला ‘सोकारात’ म्हणतात आणि तिच्यासाठी तिकडं घरात भांडणं होतात.

आणि ताई, टेबलावर काचेच्या मोठ्या भांड्यात लाल रंगाचं, वर संत्र्याच्या चकत्या तरंगणारं काही आलं तर ते सरबत समजून पिऊ नका. ती ‘सांग्रिया’, फळं घातलेली वाइन. इवाई घेत असतील तर घेऊ द्या, त्यांच्या पेल्याकडं टक लावू नका. तुम्ही लिंबूसोडा सांगा.

हे सगळं वाचून ‘तिथं बसून एवढं विचारत कोण बसेल’ असं तुम्हाला वाटलं असेल. मलाही वाटलं होतं. माझी भाची ग्रानादा शहरात शिकत होती तेव्हा मी तिच्याकडं पंधरा दिवस राहिले होते. त्या शहरात अजून जुनी चाल आहे, काहीही प्यायला मागवलं की त्याबरोबर एक बशी फुकट येते. पहिल्या संध्याकाळी मी लिंबाचं पेय घेतलं आणि समोर मांसाचे तुकडे ठेवलेला पाव आला. मी जन्माची शाकाहारी. मला काही बोलता आलं नाही. बशी हळूच भाचीकडं सरकवली आणि पोट दुखतं म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी तेच. दोन दिवस मी खोलीवर येऊन केळी खाल्ली. तिसऱ्या दिवशी भाची रागावली आणि कागदावर एक वाक्य लिहून दिलं : नो कोमो कार्ने नि पेस्कादो. मी मांस खात नाही, मासेही नाही. मी ते वाक्य बशी यायच्या आधी म्हटलं. गल्ल्यावरचा म्हातारा ‘हो हो’ म्हणाला आणि ऑलिव्ह आणि आलू घेऊन आला. पुढचे सगळे दिवस त्यानं मला पाहिलं की न विचारता तेच आणलं. मी दोन दिवस उपाशी राहिले त्यात त्याचा काहीच दोष नव्हता. मी सांगितलंच नव्हतं.

तुमचं तर मराठीत सांगितलं की भागतं. आणि तुमच्या बाजूनं आणखी एक गोष्ट आहे. हे हॉटेल तुमच्या इवायांच्या गल्लीतलं आहे, ते तिथं नेहमी जातात असं पोरगी म्हणते. नेहमीच्या गिऱ्हाइकाचा शब्द अशा ठिकाणी मोठा असतो. जावईबापूंनी, म्हणजे होणाऱ्या, दोन दिवस आधी फोन करून सांगायचं : सहा जणांत दोघं पूर्ण शाकाहारी, अंडं नाही, तळणीचं तेल वेगळं हवं, भात मांसाच्या पाण्यात नको. आचारी आधीपासून तयारीत राहतो आणि टेबलावर कुणाला कानकोंडं व्हावं लागत नाही. हे काम पोरीकडं नाही, मुलाकडं द्या. तो कसा माणूस आहे, तेही त्यातून कळेल.

त्यांनी तुम्हाला तिथं काहून बोलावलं, घरी काहून नाही, हा प्रश्न तुमच्या पत्रात लिहिलेला नाही, पण आहे. मला वाटतं ज्या ठिकाणी आपली ओळख आहे, जिथला माणूस आपल्याला नावानं हाक मारतो, तिथं ते तुम्हाला नेत आहेत. माणूस पाहुण्याला आपल्या आवडीच्या जागी नेतो. यजमान इवायांना पहिल्या भेटीत वावर दाखवायला नेतील की नाही? तसंच ते.

वेळेचं लवकर सांगते. स्पेनमध्ये रात्रीचं जेवण नऊ-दहाला असतं. त्यांच्या देशानं १९४० साली घड्याळ एक तास पुढं करून मध्य युरोपाशी जुळवलं आणि मग परत मागं आणलंच नाही. पण पुण्यातल्या हॉटेलानं तेवढा उशीर करायची गरज नाही. टेबल साडेसातचं सांगायला लावा. यजमानांना सहा वाजता पोरीच्या खोलीवर अर्धी भाकर आणि वरण द्या. साखरेची गोळी जेवणाआधीची असेल तर पहिली बशी टेबलावर आल्यावरच घ्यावी, घरून निघताना नको. निघण्याआधी डॉक्टरांनाही एकदा विचारा. आलू, पाव आणि शेवटी येणारे चुरोस, म्हणजे साखर लावलेलं तळलेलं गोड, त्यांनी चवीपुरतेच घ्यावे. रात्रभर ट्रॅव्हल्सनं येणार असाल तर शुक्रवारी सकाळी पोचा, शनिवारी सकाळी नको. जागरणाच्या डोळ्यांनी अशी भेट होत नाही.

हातानं खाल्लं तर? खा. पाव, मिरच्या, ऑलिव्ह, तळलेलं सगळं स्पेनमध्ये हातानंच उचलतात. पालक-चणे आणि भाताला तेवढा चमचा घ्या. मांडीवर टाकायचा रुमाल असेल, तो टाका.

आता बिल. यजमानांचं म्हणणं मी हसण्यावारी नेणार नाही. नातवाचं तोंड पाहीपर्यंत लेकीच्या घरचं पाणी प्यायचं नाही, हे माझ्या वडिलांनीही पाळलं. मुलगी दिली, आता तिच्या घरावर आपला भार पडू नये, तिला कुणी त्यावरून बोलू नये, म्हणून बापानं घालून घेतलेली ती मर्यादा होती. त्यात मान होता. पण शनिवारी तुम्ही पोरीच्या घरी जेवत नाही आहात. लग्न व्हायचं आहे, ते अजून सासर नाही, आणि ती जागा तर कुणाचंच घर नाही. ज्यानं बोलावलं त्यानं द्यायचं, एवढा साधा हिशेब आहे.

सहा माणसांचं बिल किती होईल याचा अंदाज तुम्ही मेनूवरून बांधलाच असेल. मध्यम धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ७,७१० रुपये आहे. एका रात्रीत क्विंटलभर कापूस उठला, असं यजमानांच्या मनात येईल. येऊ द्या. ज्यानं तो वेचून घरात आणला त्याच्या डोक्यात हा आकडा येणारच, त्यात कोतेपणा नाही. फक्त त्या टेबलावर तो मोठ्यानं बोलू नये, कारण ऐकणाऱ्याला तो टोमणा वाटेल. आणि खिशात दहा हजार ठेवून गल्ल्यावर ओढाताण करू नये. त्या ओढाताणीत दोन्ही बाप जिंकायला बघतात आणि पोरं खाली बघतात.

परतफेड करायचीच आहे, आणि ती झाली पाहिजे. स्पेनमध्ये मित्रमंडळी निघाली की पहिल्या दुकानातली फेरी एक जण देतो, पुढच्या दुकानातली दुसरा. यजमानांना सांगा, पुढची फेरी आपली. शेवटचा चहा-कॉफी येईल तेव्हा त्यांनी स्वतः इवायांना म्हणावं, “पौषात हुरड्याले या, दोन दिवस मुक्कामाले.” हे तुम्ही बोलू नका, पोरीनंही नाही, त्यांनीच बोलावं. ज्याच्याकडं बोलवायला वावर आहे तो माणूस कुणाच्या टेबलावर मिंधा होत नाही, आणि हे वाक्य बोलताना त्यांचं त्यांनाही ते जाणवेल.

न्यायचं म्हणाल तर घरची तूर डाळ, पाच किलो, स्वच्छ पांढऱ्या कापडाच्या पिशवीत शिवून. बरोबर जवसाची चटणी बरणीत. मिठाईचा डबा नको, तो पुण्यात कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतो. पण हे हॉटेलात नेऊ नका, आधी त्यांच्या घरी टेकून इहीणबाईंच्या हातात द्या. स्वतःच्या शेतातली, स्वतः पाखडलेली डाळ त्यांना कुणी आणून दिलेली नसणार. डाळ कशी शिजवायची ते त्या विचारतील तेव्हा नीट सांगा, तिथं संकोच नको.

नेसायला सुती लुगडं किंवा साधी कॉटनची साडी, जिच्यात तुम्ही दिवसभर वावरता तशी. लग्नाचा शालू नको. शाल घ्या, आत एसी असतो आणि गार लागलं की माणूस आखडून बसतो. यजमानांनी माळ शर्टाच्या आत लपवू नये.

बसताना पोरीला बाबांच्या शेजारी बसू द्या, तुम्ही इहीणबाईंजवळ बसा. हे फोनवरच ठरवा, त्याच रात्रीच्या, तिचं बोलून झाल्यावर. आणि तिला एक काम द्या. तो भाजलेला, भेदर लावलेला पाव पहिल्याच फेरीत येईल. बाबांनी सवयीनं ‘भाकर दे बरं इकडं’ म्हटलं तर तिनं ती बशी त्यांच्यापुढं सरकवावी. एवढं तिला सांगून ठेवा.